पानें किती मांडावयाचीं?

श्रोतेहो, आजचा माझा विषय ऐकून आपणांपैकीं कांहीं मंडळी हंसतील. जगापुढें एवढे मोठे प्रश्न उभे असतां या म्हाताऱ्या मास्तरास जेवणावळीच्या पानांची मोजदाद कां सुचावी, असेंहि कोणी म्हणेल. परंतु ज्याच्या घरीं एखादें लग्न, मुंज, बारसें किंवा वास्तुशांति होऊन गेली आहे, तो हंसणार नाहीं. कार्याच्या आदल्या दिवशीं सायंकाळीं आचारी खांद्यावरच्या पंचानें घाम पुसतो आणि यजमानास एकच प्रश्न विचारतो, "पानें किती धरायचीं?" या प्रश्नाचें खरें उत्तर ज्याच्यापाशीं नसतें त्याची स्थिति काय होते, हें ज्याचें त्यालाच ठाऊक. कमी सांगावें तर अब्रू जाते; अधिक सांगावें तर अन्न जातें आणि पैसाहि जातो. बोलावलेलीं माणसें येणार कीं नाहीं, हें त्यांच्याकडून आधीं कसें कळून घ्यावें, एवढाच आजचा प्रश्न आहे. प्रश्न लहान आहे. पण त्याचें उत्तर न सांपडल्यामुळें मीं एक स्नेही गमावीत आणला होता. म्हणून त्याविषयीं बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असें मी समजतों.

मी नागपूरजवळच्या वाडी या गांवचा राहणारा. शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालें आणि सारा जन्म प्राथमिक शाळेंत मुलांची हजेरी घेण्यांत गेला. नागपुराहून अमरावतीस जाणाऱ्या महामार्गावर आमची वस्ती आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस मालाचीं गोदामें आणि ट्रान्सपोर्टचीं कार्यालयें, जवळच अंबाझरीचा आयुध निर्माणी कारखाना. त्यामुळें आमच्या शेजाऱ्यांपैकीं कोणी पाळीवर जाणारा, कोणी ट्रक घेऊन आठ आठ दिवस परमुलखांत राहणारा, तर कोणी अजून लाव्याच्या बाजूस शेती करणारा. अशा गांवांत २०१९ सालच्या मे महिन्यांत माझ्या मुलीचें लग्न झालें. त्याच्या आदल्या वर्षीं मी सेवानिवृत्त झालों होतों आणि फंडाची रक्कम हातांत होती.

पत्रिका तीनशें छापल्या. त्यांपैकीं बहुतेक मीं स्वतः घरोघरीं जाऊन दिल्या. दारांत पाऊल ठेवल्याबरोबर घरधनी म्हणे, "येतो ना जी गुरुजी! आम्ही नाही येणार त कोण येईन?" मी हरखून जात असें आणि वहींत त्या घरापुढें तीन कीं चार असा आंकडा मांडीत असें. बेरीज सहाशें झाली. केटररनें ताटामागें २५० रुपये धरले होते, आणि माणसें कितीहि येवोत, सांगितलेल्या ताटांचे पैसे द्यावयाचे असा करार होता. मीं सहाशें ताटें सांगितलीं. आलीं तीनशें चाळीस माणसें. त्याच तिथीस आमच्या परिसरांत आणखी चार लग्नें होतीं, कारखान्याची दुसरी पाळी रात्रीं उशिरां सुटली, आणि त्या दिवशीं ऊन असें होतें कीं वडील माणसांनीं घराबाहेर पडण्याचा विचारच सोडला. दोनशें साठ ताटांचें अन्न उरलें. रात्रीं अकरा वाजतां माझा मुलगा आणि भाचा गाडी घेऊन वस्त्यावस्त्यांतून फिरले. पण संध्याकाळीं सहापासून उकाड्यांत राहिलेल्या भाताला तोंवर वास येऊं लागला होता. तो कोणास द्यावा? पांसष्ट हजार रुपयांचें अन्न सकाळीं कचऱ्याच्या गाडींत गेलें. ज्यानें आयुष्यभर मुलांना "ताटांत टाकूं नये" असें शिकविलें, त्याच्या दारीं हें घडलें.

आतां स्नेह्याची गोष्ट. माझ्याबरोबर वीस वर्षें एकाच शाळेंत शिकविलेले माझे एक सहकारी जवळच राहतात. त्यांच्याकडे पत्रिका घेऊन गेलों तेव्हां त्यांनीं ती कपाळाला लावली आणि म्हणाले, "गुरुजी, फार आनंद झाला. पण आम्हां तिघांचें येणें होणार नाहीं. आमचीं तीन पानें कमी धरा." मला तें फार लागलें. शुभकार्याचें बोलावणें घेऊन आलेल्या माणसास तोंडावर 'नाहीं' म्हणावें, आणि वर पानें कमी धरा म्हणून हिशेब शिकवावा! मीं चहा अर्धा टाकला आणि उठून आलों. पुढें आठ महिने त्यांच्या घराची पायरी चढलों नाहीं. नंतर दुसऱ्याच एका गृहस्थाकडून मला कळलें कीं वहिनींचें मूत्रपिंड निकामी झालें होतें, आठवड्यांतून तीनदां त्यांना डायलिसिसला न्यावें लागत होतें, आणि लग्नाचा दिवस त्यांपैकींच एक होता. मंगलकार्याच्या घरीं आजाराची वार्ता नको, म्हणून त्यांनीं कारण सांगितलें नव्हतें. मी ओशाळून भेटीस गेलों. वहिनी अंथरुणावर होत्या. त्यांनीं मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "गुरुजी, लग्नांत अन्न उरलें नाहीं ना?"

श्रोतेहो, त्या दिवशीं मला उमगलें कीं माझ्या तीनशें घरांच्या वहींत खरा आंकडा एकाच घरानें दिला होता, आणि त्याच घरावर मी रुसलों होतों. "नक्की येतों" म्हणून न आलेल्यांवर मी रागावलों नाहीं. "येणार नाहीं" म्हणून न आलेल्यावर रागावलों. यजमानच जर असे वागले तर पाहुण्यांनीं खरें कां सांगावें?

या रोगाचें मूळ शोधूं लागलों तेव्हां मला शाळेंत शिकलेल्या संस्कृताची आठवण झाली. सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वीं पाणिनीनें आपल्या व्याकरणांत क्रियापदाच्या एका रूपाचे उपयोग सांगतांना 'निमंत्रण' आणि 'आमंत्रण' हे दोन शब्द वेगळे मांडले आहेत. त्यांतला भेद त्याच्या भाष्यकारांनीं स्पष्ट केला आहे. ज्यास नकार देतां येत नाहीं, दिल्यास दोष लागतो, तें निमंत्रण; जसें श्राद्धाच्या भोजनास मुलीच्या मुलास बोलावणें. ज्यांत येणें न येणें बोलावलेल्याच्या इच्छेवर सोडलेलें असतें तें आमंत्रण. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत तर श्राद्धाचें निमंत्रण स्वीकारून तें मोडणाऱ्या ब्राह्मणास पुढील जन्मीं डुकराची योनि सांगितली आहे. आपल्या पाहुण्यांस अशी धमकी द्यावी असें मी सुचवीत नाहीं! माझें म्हणणें इतकेंच कीं बोलावण्याचे दोन प्रकार आहेत ही गोष्ट आपल्या पूर्वजांस ठाऊक होती. आज आपण दोन्ही शब्द एकाच अर्थानें वापरतों. पत्रिकेंत 'आग्रहाचें निमंत्रण' म्हणून छापतों, म्हणजे नकारास जागा ठेवीत नाहीं; आणि मनांत मात्र जाणतों कीं निम्मीं माणसें येणार नाहींत. पाहुणाहि तेंच जाणतो. नकार देण्याची वाट बंद असल्यामुळें तो होकाराच्या वाटेनें निसटतो. त्याचा "नक्की" हा शब्द उत्तर नसतोच, तो एक नमस्कार असतो.

तर मग आपल्या वडिलांच्या काळीं पंगतींचा मेळ कसा जमत असे? माझें बालपण नागपूर जिल्ह्यांतल्या एका खेड्यांत गेलें. तेथें आवतण देणारा माणूस दारोदार फिरे आणि आवतणाच्या शब्दांतच माणसांचा आंकडा असे. "घरटी एक" म्हटलें कीं घरामागें एक माणूस. "चूलबंद" म्हटलें कीं त्या घरची चूल त्या दिवशीं पेटावयाची नाहीं. तान्ह्या मुलापासून म्हातारीपर्यंत सर्वांनीं यावयाचें. घरें मोजलीं कीं पानें मोजलीं. पाहुण्यालाहि आपण एकट्यानें जावयाचें कीं सगळ्यांनीं, याविषयीं संशय उरत नसे. आज आपण 'सहकुटुंब सहपरिवार' असें सर्वांनाच छापतों. मग त्यांतून एक येतो कीं सात येतात हें ब्रह्मदेवास विचारावें.

दुसरी युक्ति अशी कीं बोलावणें एकदां नसे, दोनदां असे. कांहीं दिवस आधीं अक्षत देऊन आवतण, आणि पानें मांडलीं कीं "चला, पानें वाढलीं" म्हणून पुन्हां बोलावणें. या दुसऱ्या बोलावण्यास पुष्कळ लोक निरर्थक मानपान समजतात. परंतु त्या फेरींत कोण घरीं आहे, कोण शेतावर गेला, कोणाकडे पाहुणे आले, हें सारें कळून येई. ती एक प्रकारची हजेरीच होती.

तिसरी आणि सर्वांत मोठी सोय म्हणजे स्वतः पंगत. पहिली पंगत बसली कीं अंदाज येई. आचारी ओसरीवर डोकावून माणसें पाही आणि मग दुसऱ्या पंगतीचा भात चुलीवर चढवी. म्हणजे माणसांची गणती आणि स्वयंपाक हीं दोन्ही कामें बरोबरीनें चालत. पन्नास पानें कमी झालीं तर तांदूळ पोत्यांतच राहत. शिजून वाया जात नसत. आज लॉनवर बुफे असतो. आठ वाजतां सर्व पदार्थ सर्वांसाठीं एकदम तयार पाहिजेत. गणती चुकली तर ती शिजलेल्या अन्नांतच चुकते. पंगत मोडून बुफे आला तेव्हां आधीं गणती करण्याची गरज वाढली. आणि नेमकी तेव्हांच गणती करण्याची रीति आपण सोडली.

आतां कोणी म्हणेल, "गुरुजी, अंदाजाचा आंकडा काढतां येत नाहीं काय? चार जण आले नाहींत तर चार नवे येतात." यांत अर्धें सत्य आहे. माझ्या वर्गांत चाळीस मुलें असत. साध्या दिवशीं तीन-चार गैरहजर. कोण गैरहजर राहील हें सांगतां येत नसे, पण किती राहतील हें मी डोळे मिटून सांगत असें. कारण एकाचा ताप आणि दुसऱ्याची पोटदुखी यांचा एकमेकांशीं संबंध नव्हता. मात्र सोयाबीनची सोंगणी सुरू झाली कीं अर्धा वर्ग रिकामा होई, कारण सगळ्यांच्या गैरहजेरीचें कारण एकच. लग्नाचेंहि तसेंच आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मासांत बहुधा लग्नें होत नाहींत. मग तुळशीचें लग्न लागलें कीं थोड्या मुहूर्तांवर पुष्कळ लग्नांची गर्दी उसळते. एका दिवशीं एका घरीं तीन पत्रिका येतात. नवरा एका मांडवांत, बायको दुसऱ्यांत आणि मुलगा तिसऱ्यांत अशी वांटणी होते. त्यांत आमच्याकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढें जातो. अशीं सामायिक कारणें असलीं म्हणजे सरासरी कामास येत नाहीं. तेथें विचारल्यावांचून गत्यंतर नाहीं.

विचारणें अशिष्ट दिसतें, ही सर्वांची अडचण आहे. पाश्चात्यांनीं ती पत्रिकेवर चार अक्षरें छापून सोडविली. आर. एस. व्ही. पी. हीं तीं अक्षरें. फ्रेंच भाषेंतील "कृपया उत्तर द्यावें" अशा अर्थाच्या शब्दांचीं तीं आद्याक्षरें आहेत. आपल्याकडील इंग्रजी पत्रिकांवरहि तीं छापतात. परंतु त्यांच्याखालीं काका-मामांच्या नांवांची रांग छापण्यापुरताच आपण त्यांचा उपयोग करितों. उत्तर कोणी देत नाहीं आणि कोणी मागतहि नाहीं. आपल्या टपाल खात्याचें जबाबी कार्ड मात्र मला अधिक आवडे. एकाला एक जोडलेलीं दोन कार्डें. एकावर आपला मजकूर, दुसरें उत्तरासाठीं, त्याचें टपाल आपणच आधीं भरलेलें. उत्तर हवें असेल तर उत्तर देणाऱ्याचा खर्च आणि श्रम विचारणाऱ्यानें सोसावे, हें केवढें शहाणपण त्यांत होतें! लग्नास न येणारे लोक पुढें तार करूं लागले. ठराविक शुभेच्छांना क्रमांक दिलेले असत. क्रमांक लिहिला कीं काम झालें. २०१३ च्या जुलैंत तारसेवा बंद झाली. पण ती तार येई मुहूर्ताच्या दिवशीं, म्हणजे आचाऱ्याची गणती संपल्यावर.

आतां मोबाईल आला. पत्रिका व्हॉट्सॲपवर क्षणांत शंभर घरीं जाते आणि उत्तरादाखल हात जोडल्याचें चित्र येतें. त्या जोडलेल्या हातांचा अर्थ काय घ्यावा? "अवश्य येतों" असा, कीं "क्षमा करा" असा? कोणी अंगठा पाठवितो. साधनें वेगवान् झालीं. परंतु उत्तर तेथल्या तेथेंच राहिलें.

आपला स्वभावच असा, असें म्हणून चालणार नाहीं. उत्तर अमेरिकेंत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालीं स्थापन झालें. दर दोन वर्षांनीं होणाऱ्या त्याच्या अधिवेशनास जाणारे मराठी लोक आधीं नांवें नोंदवितात आणि पैसे भरतात. तेथें हें बिनबोभाट होतें. लांब कशाला जावें? २०२० सालीं कोविडची सांथ आली आणि लग्नास ५० हून अधिक पाहुणे नकोत असा सरकारी नियम झाला. एप्रिल २०२१ मध्यें महाराष्ट्र शासनानें तर २५ माणसें आणि दोन तास इतकीच मुभा ठेविली. त्या दिवसांत प्रत्येक घरानें नांवनिशीवार यादी केली, प्रत्येकास विचारलें, आणि "मी येत नाहीं, माझ्या जागीं आत्याला बोलवा" असें लोक मोकळेपणानें म्हणाले. कोणी रुसलें नाहीं. कारण नकारास सन्मानाची वाट मिळाली होती. मला वाटतें, साऱ्या प्रश्नाची किल्ली येथेंच आहे. होकार मिळविण्याची खटपट करूं नये. नकार सोपा करावा. मग मिळेल तो होकार खरा असतो.

हें प्रत्यक्षांत कसें करावें तें आतां सांगतों. गेल्या वर्षीं माझ्या नातवाचें बारसें झालें, तेव्हां मीं स्वतः तसें करून पाहिलें आहे.

पहिली गोष्ट, "येणार ना?" असें विचारूं नये. या प्रश्नाला शिष्टाचारानें एकच उत्तर आहे. "तुमच्या घरचीं किती पानें धरूं?" असें विचारावें. आंकडा सांगतांना माणूस क्षणभर थांबतो, घरांतल्या माणसांकडे वळून पाहतो आणि विचार करून बोलतो.

दुसरी गोष्ट, विचारतांनाच नकाराची वाट आपण उघडावी. मी असें म्हणत असें: "आलांत तर आनंद आहे. पाळी किंवा दुसरें कार्य आड आलें तर नि:संकोच कळवा. बाळाला आशीर्वाद घरूनहि पोंचेल." न येण्याचें कारण मात्र विचारूं नये. कित्येकांचीं कारणें सांगण्यासारखीं नसतात. आमच्या वहिनींचें नव्हतें.

तिसरी गोष्ट, उत्तराची मुदत ठरवावी आणि तिचें कारण सांगावें. "लवकर कळवा" याला अर्थ नाहीं. "सोमवारीं आचाऱ्यास आंकडा द्यावयाचा आहे, म्हणून रविवारीं संध्याकाळपर्यंत सांगा" असें म्हटलें कीं माणसास तें पटतें. मुदत फार आधींची नसावी. पाळीवर जाणाऱ्यास आपली पाळी आणि ट्रक चालविणाऱ्यास आपली फेरी महिनाभर आधीं ठाऊक नसते. त्यानें तेव्हां दिलेला होकार खोटा नसतो, फक्त कच्चा असतो. निमंत्रण तीन आठवडे आधीं आणि उत्तर चार-पांच दिवस आधीं, हें प्रमाण मला ठीक वाटलें.

चौथी गोष्ट, उत्तर एकाच माणसाकडे यावें. काकांना सांगितलें, मामांना सांगितलें, आणि यजमानास कांहींच कळलें नाहीं, असें नेहमीं होतें. घरांतल्या एका चुणचुणीत मुलास किंवा मुलीस हें काम द्यावें. आमच्याकडे माझ्या पुतणीनें केलें. तिची वही माझ्या शाळेच्या हजेरीपटापेक्षां सुबक होती.

पांचवी गोष्ट, दुसरें बोलावणें. मुदत संपल्यावर जे गप्प आहेत त्यांना एकदां फोन करावा. त्यांत तक्रारीचा सूर नसावा. "आठवण केली" एवढेंच म्हणावें. आपल्या वडिलांची "चला, पानें वाढलीं" ही हांक आपण अशा रीतीनें पुन्हां चालूं करूं शकतों.

सहावी गोष्ट हिशेबाची. बारशास मीं एकशेंवीस माणसें बोलावलीं होतीं. चौऱ्याहत्तर जणांनीं होकार दिला, एकतीस जणांनीं नकार दिला, आणि फोन करूनहि पंधरा जणांचें कांहीं कळलें नाहीं. न कळलेल्यांपैकीं निम्मे, म्हणजे आठ धरले. ब्याऐंशी झाले. ऐनवेळच्या पाहुण्यांसाठीं शेंकडा पांच वाढवून आचाऱ्यास शाऐंशी पानें सांगितलीं. जेवलीं त्र्याऐंशी माणसें. उरलेलें वरण-भात आणि वांग्याची भाजी घरच्या माणसांनीं संपविली. मीं आचाऱ्यास आणखी एक विनंति केली होती कीं पोळ्यांची कणीक आणि शेवटचा भात माणसें पाहून हातीं घ्यावा; बुफे असला तरी हें होतें, फक्त आधीं बोलून ठेवावें लागतें. शंभर माणसांस आठ ते दहा किलो तांदूळ आमच्याकडे धरतात. त्यांतले शेवटचे दोन किलो कोरडे ठेवले तर ते उद्यां उपयोगी पडतात. शिजविले आणि उरले तर मे महिन्यांत सकाळपर्यंत टिकत नाहींत.

सातवी गोष्ट, इतकें करूनहि अन्न उरलें तर तें कोठें द्यावयाचें हें कार्याच्या आधीं ठरवावें. शिजलेलें अन्न दोन तासांहून अधिक वेळ उघड्या हवेंत ठेवूं नये असा आरोग्यशास्त्राचा नियम आहे. रात्रीं अकरा वाजतां सुचलेली दानबुद्धि कशी निष्फळ ठरते हें मीं भोगलें आहे. जवळच्या वसतिगृहाशीं किंवा अन्न गोळा करणाऱ्या मंडळाशीं आधीं बोलून ठेवावें, आणि वाढप चालूं असतांनाच न हात लावलेलें भांडें बाजूस काढावें.

हें सारें केवळ एका घराच्या काटकसरीसाठीं नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागानें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत जगांत सुमारें १०५ कोटी टन अन्न वायां गेलें, आणि त्यांतलें शेंकडा साठ घराघरांतून गेलें. एवढा आंकडा मनांत मावत नाहीं. मला तर कचऱ्याच्या गाडींत पडलेला तो एका रात्रीचा भातच दिसतो. ज्या विदर्भांत शेतकऱ्यास पिकाचा भाव मिळत नाहीं, जेथें कित्येक बाप मुलीच्या लग्नाकरितां कर्ज काढतात, तेथें कर्जाच्या पैशानें शिजविलेलें अन्न केवळ एका खोट्या "नक्की"मुळें उकिरड्यावर जावें, हें पाप कोणा एकाचें नाहीं. आपल्या सर्वांच्या भिडेचें आहे.

म्हणून शेवटचा शब्द पाहुण्यांकरितां. आपणांस पत्रिका आली तर ती कपाळास अवश्य लावा. पण त्याच दिवशीं किंवा घरांत विचारून दुसऱ्या दिवशीं, एक आंकडा यजमानास कळवा. आंकडा शून्य असला तरी कळवा. "आमचीं तीन पानें कमी धरा" या वाक्यांत अपमान नाहीं. दुसऱ्याच्या घरची काळजी आहे. आणि जो यजमान तें ऐकेल त्यानें अर्धा चहा टाकून उठूं नये.

आमच्या वहिनी २०२१ सालीं गेल्या. नातवाच्या बारशाचें बोलावणें द्यावयास मी माझ्या त्या सहकाऱ्याकडे गेलों, तेव्हां "किती पानें धरूं?" हा प्रश्न माझ्या तोंडून लवकर निघेना. त्यांनींच तो ओळखला. म्हणाले, "गुरुजी, या वेळीं दोन धरा. मी येतों, मुलगाहि येतो." बारशाच्या दिवशीं ते दोघे सर्वांच्या आधीं आले.

इतकें सांगून, श्रोतेहो, मी आपली रजा घेतों.